काळ्या दगडावर लिंबू

‘हव’ या शब्दाचा मला एकेकाळी इतका राग यायचा की कोणी तो तोंडातून काढला की डोक्यात तिडीक जायची. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. निदान मी तसं धरून चालले होते. दूधवाल्याला विचारावं, उद्या लवकर येशील न? हव. नळवाल्याला विचारावं, आता गळणार नाही न? हव. दूधवाला उन्हं वर आल्यावर यायचा आणि नळ गळतच राहायचा. बऱ्याच मनस्तापानंतर मला कळलं की हव म्हणजे हो नाही. हव म्हणजे, तुमचं बोलणं माझ्या कानावर आलं, पुढचं पुढं पाहू. आणि माझ्या वडिलांनी रायपुरात येऊन पहिला शब्द उचलला तो नेमका हाच.

राज्य नवं नवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. कर्मचाऱ्यांची वाटणी झाली आणि भोपाळच्या ऑफिसातून माझं नाव इकडच्या वाट्याला आलं. नवऱ्याचं तिकडंच राहिलं. राज्याबरोबर आमच्या घराचीही वाटणी झाली म्हणायची. मी रायपुरात दोन खोल्या घेतल्या, आणि आई गेल्यावर गावी एकटे पडलेले बाबा माझ्याकडे राहायला आले. राजधानी म्हणावं तर रस्ते सगळे खणलेले, घरात पुसावी तितकी धूळ, ऑफिसात टेबलं आली तर खुर्च्या यायच्या बाकी, आणि कोणतं काम कोणाचं हे कोणालाच ठाऊक नाही. सकाळी सदर बाजाराच्या गर्दीतून स्कूटी काढताना जी चिडचिड सुरू व्हायची ती रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत चालायची.

बाबा भूगोलाचे मास्तर. अख्खी नोकरी अमरावती जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत काढली. मी त्यांच्याच वर्गात शिकले. घरी बाबा, वर्गात सर. एकदा वर्गात माझ्या तोंडून ‘बाबा’ निघालं, तर तास संपेपर्यंत उभं ठेवलं मला. “इथं तुहा बाबा कोणी नाही,” म्हणाले. शिकवण्याची त्यांची एकच तऱ्हा होती. स्वतः काही सांगायचं नाही. पोराच्या हातात दगड द्यायचा, नाहीतर खिडकीतून टेकडी दाखवायची, आणि म्हणायचं, “काय दिसते ते सांग.” पोरानं तोंडातल्या तोंडात उत्तर दिलं की, “मोठ्यानं. मागच्या बाकावर ऐकू येऊ दे.” या दोन वाक्यांवर माणसानं आयुष्यभर पगार घेतला असं आई म्हणायची.

रायपुरात आल्यावर त्यांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेली नजर परत येत नसते, आहे ती जितकी टिकेल तितकी टिकवायची. कडेकडेनं काळं होत येतं आणि माणसाला पुष्कळ दिवस ते कळतच नाही. जाता जाता असंही म्हणाले की बाबांना काही पाहायचं असेल तर दाखवून घ्या. मी घरी आले ती रडकुंडीला येऊनच. बाबा मात्र शांत. “औषध टाकलं डोळ्यात?” हव. “नीट दिसून राहिलं न?” हव. पेपर वाचणं त्यांनी सोडलं होतं. काहून, तर इथले पेपर सगळे हिंदी, बातमीत मजा नाही. मी नागपूरचा मराठी पेपर लावून दिला, तर तो म्हणे शिळा येते.

आणि एका संध्याकाळी, चहा घेता घेता, जिलबी खायची आहे म्हणावं तसं ते म्हणाले, “मले लाव्ह्याची गुहा पाहायची आहे.”

झालं. माझ्या डोक्याला नवा ताप. पण ही काही त्या संध्याकाळी सुचलेली लहर नव्हती. जन्मभर त्यांनी ज्वालामुखी शिकवला होता आणि पुस्तकातल्या चित्रावर त्यांचा जन्मभर राग होता. चित्रात एक शंकूसारखा डोंगर आणि वर धूर. आपल्याकडं असला डोंगर झालाच नाही, ते सांगायचे. जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा पसरत गेला, थरावर थर, आपण बसलो आहोत तोच हा काळा दगड. मग फळ्यावर त्यांची लाडकी आकृती यायची. वरचा थर थिजतो, आतला लाव्हा वाहतच राहतो, शेवटी तो निघून जातो आणि मागं रिकामी नळी उरते. माणसानं न कोरलेली गुहा. एका वर्षी कोण्या पोट्ट्यानं उठून विचारलं होतं, “सर, तुम्ही पाह्यली काय?” बाबांनी पाहिली नव्हती. ते त्यांना लागून राहिलं होतं.

“वऱ्हाडात होता तेव्हा पाहिली नाही, आणि इथं चुनखडीच्या गावात येऊन पाहायची?” मी म्हणाले. रायपूरच्या पोटात सगळी चुनखडी. आजूबाजूला सिमेंटचे कारखाने काय उगाच आहेत? पण खनिज विभागात माझ्या ओळखीच्या एक बाई होत्या, त्यांना मी विचारलं. त्या म्हणाल्या की कवर्ध्याच्या पलीकडं मैकलच्या डोंगरावर चढलं की चुनखडी संपते आणि आपला नागपूरकडचा काळा दगड लागतो. घाटावरच्या एका नाल्याच्या उगमापाशी अशी एक पोकळी आहे म्हणून त्यांनी ऐकलं होतं. हे मी घरी बोलले मात्र, बाबांनी त्या दिवसापासून धोसरा काढला. रोज संध्याकाळी मी दारात स्कूटी लावायची आणि आतून आवाज यायचा, “सुट्टी भेटली काय वं?”

भेटत होती कुठं. एकदा मंजूर झाली तर विधानसभेत कोणी प्रश्न विचारला आणि सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. पुन्हा मंजूर झाली तर साहेब बदलले, आणि नवे साहेब म्हणाले आधी मला काम समजावून द्या. मलाच समजलं नव्हतं ते काम मी त्यांना काय कपाळ समजावणार होते? इकडे सुट्टी पुढं पुढं जात होती आणि तिकडे बाबांच्या नजरेची कड आत आत येत होती. दर खेपेला डॉक्टर यंत्रावर बसवून तपासायचे आणि मान हलवायचे. आम्ही बापलेक घरी येताना त्यावर एक शब्द बोलत नसू. त्यांना वाटायचं मी काळजी करेन, मला वाटायचं ते करतील. अशा वेळी मला त्या साहेबाचा, त्या विधानसभेचा आणि सगळ्या नव्या राज्याचा असा राग यायचा की काय सांगू.

शेवटी थंडी सरता सरता सुट्टी हातात पडली. निघायच्या आदल्या दिवशी बाबा मला गोल बाजारात घेऊन गेले. ट्रेकिंगला जाणारी माणसं बूट घेतात, पिशव्या घेतात. यांनी लिंबं घेतली. एकेक हातात दाबून, वास घेऊन, पिशवीभर.

“सरबताचं दुकान टाकता काय?” मी विचारलं.

“चुनखडीवर लिंबू पिळलं की फेस येते. लाव्ह्याच्या दगडावर येत नाही. लोकं कोणतीबी गुहा दाखवतील. मले फसवून घ्यायचं नाही.”

जीप ठरवली होती. ड्रायव्हर आमच्याच पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, मोठा गुणी भैया, पण सगळ्याला हव. घाटावरची गुहा माहीत आहे? हव दीदी. नाल्यापासून वर चढायचं आहे, ते ठाऊक आहे? हव दीदी. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. कवर्धा सोडलं, आणि घाट लागायच्या आधीच यानं गाडी एका कच्च्या रस्त्याला घातली. वाटेत दिसेल त्याला विचारायचा, “करिया पथरा के खोह इही कोती हे का?” म्हणजे काळ्या दगडाची गुहा इकडंच का. ज्याला विचारलं तो म्हणाला, हव. असे हव गोळा करत करत आम्ही डोंगराच्या पायथ्याशी एका गुहेसमोर येऊन थांबलो.

दगड काळा होता खरा. पण मला दिसत होतं की तो धुरानं आणि शेवाळानं काळा आहे. तोंडाशी एक शेंदूर फासलेला दगड, वर लाल झेंडी. बाबा उतरले ते हात पुढं करून थेट भिंतीपाशी.

“काळा आहे न?” त्यांनी विचारलं.

“वरून तर काळाच आहे.”

मग त्यांनी चाकूनं दगड खरवडला, लिंबू कापलं आणि पिळलं. “आला काय फेस?”

“तुमच्या नाकाखाली आहे बाबा. पाहा न.” सकाळपासून जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली होती, माझा आवाज चढलाच.

“मी तुले विचारून राहिलो. काय दिसते ते सांग.”

हा मास्तरी सूर ऐकला की मी आजही शाळेतली होते आणि आजही मला तितकाच राग येतो. “आला,” मी म्हणाले. “पांढरा फेस. बारीक बुडबुडे. चुनखडी आहे ही.”

त्यांचा चेहरा उतरला. पण मास्तर तो, एका उत्तरावर थोडाच थांबणार. थोडं पुढं जाऊन दुसरं लिंबू, मग तिसरं. आणि पिळलेल्या फोडी त्यांनी हाताला लागेल त्या दगडावर ठेवल्या. तो दगड नेमका शेंदराचा. मला वाटलं, नादात लक्ष गेलं नाही.

मी वळून पाहते तर मागं माणसं जमलेली. अनोळखी म्हातारा, देवाच्या दारात, कापलेली लिंबं देवावर ठेवून भिंतीशी काही पुटपुटतो आहे. दुसरं कोणी काय समजणार? एक पांढऱ्या केसांची बाई पुढं झाली आणि शांतपणे म्हणाली, “लिमऊ काबर काटेव बबा?” लिंबू काहून कापलं, विचारत होती. बाबांना खरं तर तिथं गप बसायला हवं होतं. पण त्यांनी वर्गात शिकवावं तसं शुद्ध हिंदीत समजावायला सुरुवात केली की हा अम्ल आहे, हा दगडात जातो, मग दगड उकळतो. ते ऐकून मागच्या दोघी बायांनी लेकरं पदराखाली घेतली. मी भैयाकडे पाहिलं तर तो जीपच्या टायरकडे पाहत होता.

कोणी अंगावर आलं नाही, शिवी दिली नाही. त्यांनी फक्त आम्हाला बसवून ठेवलं आणि बैगाला, म्हणजे त्यांच्या गावच्या पुजाऱ्याला बोलावणं धाडलं. तो रानात गेलेला. दुपार त्याची वाट पाहण्यात गेली. आल्यावर त्यानं सगळं ऐकून घेतलं, शेंदराचा दगड पाण्यानं धुतला, नारळ फोडला, आणि खड्डा खणायला लावून आमची सगळी लिंबं त्यात पुरली. कापलेली आणि न कापलेलीही. मी म्हणाले, भाऊ, ती न कापलेली तरी राहू द्या. तो म्हणाला, हव. आणि तीही पुरली.

त्या रात्री कवर्ध्याच्या रेस्ट हाउसवर मी बाबांशी भांडले. “शेंदूर दिसत नाही काय तुम्हाला? एवढा लालभडक?” ते पोळी कुस्करत बसले होते. “दिसते न,” म्हणाले. “घाईत राहून गेलं.” मग थोड्या वेळानं, “उद्या जाऊ न वं वर?” मला परवा ऑफिसात हजर व्हायचं होतं. परत कधी सुट्टी मिळेल आणि तोवर काय उरेल, कोणी सांगावं. मी म्हणाले, जाऊ.

पण त्या दिवसाच्या मारानं मी एक गोष्ट शिकले होते. या मुलखात असा प्रश्न विचारायचाच नाही की ज्याचं उत्तर हव होऊ शकेल. सकाळी घाट चढून गेल्यावर मी भैयाला गप बसवलं आणि स्वतः खाली उतरून गुरामागं निघालेल्या एका बाईला विचारलं, “नाला कुठून निघतो?” ती हव म्हणू शकली नाही. तिला हात वर करून दाखवावंच लागलं. तिच्या हाताच्या दिशेनं डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी वर गेला होता. अशा पायऱ्या मी लहानपणी आमच्या गावाबाहेर पाहिल्या होत्या. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक थर. मी बाबांना ते बोलले तर ते असे हसले की कालचं सगळं विसरावं.

“पण लिंबू?” ते म्हणाले.

जंगलात कुठून आणू लिंबू? मी कपाळावर हात मारला. आणि समोर जीपच्या बंपरला लटकलेलं दिसलं. सात मिरच्या आणि खाली लिंबू, नुकत्याच सरलेल्या शनिवारी बांधलेलं. भैयाला म्हटलं, हे दे. आयुष्यात पहिल्यांदा तो हव म्हणाला नाही. गाडीची नजर कोण काढणार दीदी, म्हणाला. मी त्याला सांगितलं की रायपूरला पोचल्यावर असली दहा बांधून देईन. तेव्हा कुठं त्यानं ते सोडलं, मिरच्या मात्र ठेवून घेतल्या. लिंबू सुकत आलं होतं.

चढण मोठी नव्हती पण सुखाची नव्हती. नाल्यात काळे गोटे, त्यांवर सालाच्या झाडांची वाळकी पानं, पाय ठेवला की सरकायचा. बाबा घरचे कॅनव्हासचे बूट घालून आलेले. मी पुढं, ते एका हातात काठी आणि दुसऱ्यात माझ्या ओढणीचं टोक धरून मागं. दर दहा पावलांवर अडखळायचे. “बुटाचा तळ गेला आहे,” म्हणायचे. मी म्हणायचे, सांगितलं होतं नवे घ्या. “हव.” एकदा सरळ माझ्या अंगावरच आले आणि दोघंही पडता पडता वाचलो. मी इतकी वैतागले होते की वळून पाहिलंही नाही. ऑफिस, सुट्टी, पुरलेली लिंबं, हे बूट, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत मी वर चढत होते. वर काही नसलं तर या माणसाला परत कसं नेऊ, हाच एक घोर लागला होता.

पण होती. नाला जिथं निघत होता तिथं वरच्या थराखाली एक तोंड उघडलेलं, वाकून आत जाता येईल असं. आत दोन पावलांवर उभं राहता आलं. मी टॉर्च लावला. कोरडी हवा, वटवाघळांचा वास. मला भूगोल येत नाही असं बाबा नेहमी म्हणत, पण मला आत पाय ठेवताच कळलं की ही कालच्यासारखी नाही. मनात म्हटलं, पावली एकदाची. घाईघाईनं लिंबू दातांनी फाडलं. जेमतेम चार थेंब निघणार होते. भिंतीवर एक पांढरा डाग चमकत होता, तळहाताएवढा, काळ्या दगडात जडवल्यासारखा. लक्ष तिथंच गेलं आणि मी त्यावरच पिळलं. बाबा माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते. टॉर्चचा झोत त्या डागावरच होता.

“काय दिसते?”

मी वाकून पाहिलं. “फेस येऊन राहिला बाबा.”

ते म्हणाले, “मग हीबी चुनखडीच. चल.” आणि वळले. इतक्या सहज वळले की मला ते पाहवेना. एवढ्यात मलाच काही तरी आठवलं. शाळेतलंच. काळ्या दगडात हवेचे फुगे राहून जातात, आणि मागून त्या पोकळ्यांत दुसरंच काही चुन्याचं पांढरं भरतं.

“थांबा न,” मी म्हणाले. “मी पांढऱ्यावर पिळलं. काळ्यावर नाही. फेस पांढऱ्याला आला.”

“पांढरं?” ते म्हणाले. “पांढरं कुठं आहे इथं?”

टॉर्च अजून तिथंच होता. तो डाग त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता आणि पाण्यानं धुतल्यासारखा चमकत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते तोंड माझ्याकडे करून होते, पण थोडं बाजूला, माझ्या कानापाशी कुठंतरी. कालचा शेंदूर, कालचा फेस, काळा आहे न म्हणून विचारणं, माझ्या ओढणीचं टोक, तो शिळा पेपर, सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. मला दिसतं न म्हणून विचारायची सवय होती आणि त्यांना हव म्हणायची. गुराखी बाईला कसं विचारायचं ते मला कळलं होतं. बापाला कसं विचारायचं ते नाही.

मी टॉर्च माझ्याच हातावर धरला आणि तो हात त्यांच्यासमोर नेला. “बाबा, माझ्या हातात काय आहे?”

हव म्हणायला जागाच नव्हती. हातात लिंबाची चोथा झालेली फोड होती.

“किती दिवस झाले?” मी विचारलं. रागानंच. “सांगायचं नाही काय? डॉक्टरला तरी? मी इथं या दगडांतून ओढत आणलं तुम्हाला, तुम्ही पडला असता म्हणजे? काय पाहायला आलो आपण इथं?”

“उजेडात दिसते थोडं,” ते म्हणाले. “आकार दिसते. माणूस आहे का झाड आहे ते कळते.” मग म्हणाले, “तुले सांगितलं असतं तर तू आणलं असतं काय मले?”

नसतं आणलं. हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. लिंबू संपलं होतं. आता काळ्या दगडावर पिळून दाखवायला एक थेंब नव्हता, आणि दाखवलं असतं तरी ते पाहणार कशानं? त्यांच्यापाशी आता माझा शब्द तेवढा होता.

त्यांनी हातानं चाचपून एक धोंडा शोधला आणि त्यावर बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली. अगदी तास सुरू व्हायच्या आधी पट्टी ठेवायचे तशी.

“काय दिसते ते सांग,” ते म्हणाले.

मी सांगायला लागले. छप्पर आहे म्हणाले. भिंती आहेत म्हणाले.

“असं नाही. फुगे आहेत काय दगडात? गोल आहेत का लांबट?”

मी टॉर्च जवळ नेला. “लांबट.”

“कोणत्या बाजूनं ताणलेले?”

भिंतभर पाहिलं. सगळे एकाच बाजूला ओढलेले होते. “आतून बाहेर. तोंडाकडं.”

“मग तिकडं वाहिला तो,” बाबा म्हणाले आणि त्यांनी हात उचलून बरोबर गुहेच्या तोंडाकडं, जिथून आम्ही आलो होतो तिकडं दाखवलं. “आपण त्याच्या वाटेत बसलो आहो. पुढं सांग. सगळं सांग. आणि मोठ्यानं, मागच्या बाकावर ऐकू येऊ दे.”

मी डोळे पुसले, सरळ उभी राहिले आणि टॉर्च वर केला.

“सर,” मी म्हणाले, “वरचं छप्पर गोल आहे.”